छातीतील जळजळ : औषध, आहार आणि अंथरूण

मराठवाड्यात ‘पित्त’ या एका शब्दावर अनेक दुखण्यांचा कारभार चालतो. अर्धे डोके ठणकून उलटी झाली की पित्त पडले. अंगावर गांधी उठून खाज सुटली की पित्त उठले. उपासाच्या दिवशी उन्हात भोवळ आली की पित्त चढले. आणि रात्री जेवून आडवे होताच छातीच्या मध्यभागी आग पेटून घशाशी आंबट पाणी आले, तर तेही पित्तच. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही चार निरनिराळी दुखणी होत. पहिले बहुधा अर्धशिशीचे, दुसरे ॲलर्जीचे, तिसरे रिकाम्या पोटाचे व शरीरात कमी पडलेल्या पाण्याचे, आणि चौथे जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलट चढण्याचे. यकृतात तयार होणारे खरेखुरे पित्त या चारही ठिकाणी बहुधा निर्दोष असते.

नाव एक असल्यामुळे उपायही एकच ठरून गेला आहे. औषधांच्या दुकानात जावे, ‘पित्ताची गोळी’ मागावी आणि बरे वाटेपर्यंत, किंबहुना बरे वाटल्यानंतरही, ती घेत राहावे. ओमेप्राझोल, पॅण्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे अनुसूची ‘एच’ मध्ये मोडतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्यांची विक्री होऊ नये असा नियम आहे. परंतु व्यवहारात ती चहा-साखरेसारखी घरोघर पोचली आहेत. गोळी चांगली आहे, स्वस्त आहे आणि योग्य रुग्णाला ती मोठा दिलासा देते, याविषयी दुमत नाही. मात्र ती कोणी, दिवसातील कोणत्या वेळी आणि किती आठवडे घ्यावी, व ती घेत असताना रात्रीचे ताट आणि अंथरूण यांत कोणता बदल करावा, हे सांगणारे कोणी भेटत नाही. प्रस्तुत लेखात चौथ्या दुखण्यापुरता, म्हणजे आम्ल उलट चढण्याच्या जुनाट विकारापुरता, विचार केला आहे.

हा विकार भारतात किती आढळतो याविषयीच्या पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. कोठे शंभर प्रौढांत आठ-दहा, तर कोठे वीसहून अधिक जणांना आठवड्यातून निदान एकदा हा त्रास होतो, असे दिसून आले आहे. छत्रपती संभाजीनगर व त्याच्या आसमंतात या विकाराला पोषक अशा गोष्टींची उणीव नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत हजारो कामगार पाळीपाळीने काम करतात आणि त्यांच्या जेवणाच्या वेळा दर आठवड्याला बदलतात. खेड्यात कृषिपंपांची वीज रात्रपाळीची असली म्हणजे शेतकरी दारे धरून मध्यरात्री परततो आणि भाकरी खाऊन लागलीच बाजेवर अंग टाकतो. त्यात चुना लावून मळलेली तंबाखू दिवसभर गालफडात, आणि सकाळच्या पहिल्या घासापूर्वी दोन-तीन कप गोड चहा.

जठराचे दार

गिळलेला घास सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून खाली येतो. ही नलिका श्वासपटलातील एका छिद्रातून पोटात उतरते आणि जठराला मिळते. या संगमावर स्नायूंचे एक वलय असते. घास आला की ते सैल पडते, घास गेला की आवळते. जठरात दररोज दीड-दोन लिटर रस पाझरतो व त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल इतके तीव्र असते की, जठराच्या आतील बाजूस चिकट श्लेष्म्याचा थर नसता तर जठराचेच पचन झाले असते. अन्ननलिकेला असे जाड कवच नाही. त्यामुळे जठरात जे आम्ल निरुपद्रवी, किंबहुना आवश्यक आहे, तेच वर चढले म्हणजे जाळते.

येथे एक समजूत दुरुस्त करून घेतली पाहिजे. या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांत आम्ल प्रमाणाबाहेर तयार होत नसते. ते नेहमीइतकेच असते, फक्त अस्थानी गेलेले असते. मुख्य बिघाड असतो तो दाराचा. वलय ढिले पडते किंवा घास आलेला नसतानाही वारंवार उघडते. पोट तुडुंब भरले, पोटावर चरबी वाढली, कमरेला पट्टा किंवा परकराची नाडी करकचून आवळली, गर्भारपणात गर्भाशय वर सरकले, की आतील दाब वाढून दारावर भार येतो. तंबाखू व मद्य यांनी वलय आणखी सैल पडते. काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भागच श्वासपटलाच्या छिद्रातून छातीच्या पोकळीत सरकलेला असतो. खुरपणी करताना किंवा कमरेला ओटी बांधून कापूस वेचताना जेवणानंतर तासन्‌तास वाकावे लागते; त्या वेळी स्त्रियांना आंबट पाणी वर येण्याचा जो त्रास होतो, त्याचे कारणही हेच. मडके आडवे केले की त्यातील पाणी तोंडाशी येते.

आयुर्वेदातही या लक्षणांचा स्वतंत्र विचार झालेला आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांमध्ये अम्लपित्तावर वेगळा अध्याय नाही. काश्यपसंहितेत आणि पुढे माधवनिदानात तो आढळतो. माधवनिदानात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग व अधोग, म्हणजे वर जाणारे व खाली जाणारे, असे दोन प्रकार सांगितले आहेत. आंबट-कडू ढेकर आणि छाती-घशाचा दाह ही लक्षणेही तेथे नोंदलेली आहेत.

जळजळीखेरीज या विकाराची काही आडवाटेने येणारी लक्षणे असतात. सकाळी घसा बसलेला असणे, रात्री झोपेतून उठविणारा कोरडा खोकला, घशात काहीतरी अडकल्याची भावना, आतील बाजूने झिजलेले दात ही त्यांपैकी होत. दिवसाचे सहा तास आवाज चढवून शिकविणाऱ्या शिक्षकांचा आवाज बसला की त्याचे खापर खडूच्या धुळीवर फुटते. त्यात आम्लाचाही वाटा असू शकतो. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या कोणत्याही खोकल्यात प्रथम क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी झाली पाहिजे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत विनामूल्य होते.

पित्त म्हणून जे पाहू नये

हृदयविकाराचा झटका हा पित्त किंवा गॅस समजून घरी काढला जातो, ही या विषयातील सर्वांत गंभीर बाब होय. पोटाच्या वरच्या भागात दाटून आले, रुग्णाला सोडा-लिंबू दिले, एक ढेकर आली, थोडे बरे वाटले. आणि ज्या एक-दोन तासांत हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी औषधाने उघडता आली असती, ते तास निघून गेले. हृदय आणि अन्ननलिका या दोहोंच्या वेदनेच्या संवेदना मेंदूकडे जवळजवळ एकाच वाटेने जातात. त्यामुळे हा घोटाळा अडाण्याचाच होतो असे नाही, शिकल्यासवरल्यांचाही होतो.

सामान्यतः आम्लाची जळजळ खालून वर चढते, जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढते आणि तिच्यासोबत तोंडात आंबट चव येते. हृदयाचे दुखणे हे जळण्यापेक्षा आवळल्यासारखे, छातीवर जाते ठेवल्यासारखे असते. ते डावा हात, जबडा, पाठ यांकडे पसरते, चालल्याने वाढते, थांबल्याने कमी होते आणि त्याबरोबर दरदरून घाम, धाप किंवा मळमळ येते. तथापि मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात ही खूण फसवी ठरते. त्यांना केवळ बेंबीच्या वर अस्वस्थ वाटते. आम्लनाशक औषधाने बरे वाटणे हाही हृदय निरोगी असल्याचा पुरावा नव्हे. यास्तव चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू खाणाऱ्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तीला प्रथमच अशी वेदना झाली, किंवा नेहमीच्या वेदनेचे स्वरूप बदलले, तर तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व हृदयाचा विद्युत्‌-आलेख, म्हणजे ईसीजी, काढून घ्यावा. आलेख चांगला निघाला आणि अखेरीस पित्तच ठरले, तर त्या धावपळीबद्दल कोणी कोणास बोल लावू नये. ग्रामपंचायतीच्या फलकावर १०८ हा क्रमांक बहुधा असतोच. त्याच्या खाली ‘छातीत दुखणे’ हे दोन शब्द ठळकपणे लिहून ठेवले तर त्याचा उपयोग होईल.

याशिवाय आणखी काही लक्षणे अशी आहेत की जी दिसली असता गोळी घेत बसू नये. घास अडकणे, विशेषतः प्रथम भाकरी आणि पुढे पातळ पदार्थही अडकू लागणे, कारणावाचून वजन उतरणे, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखे काळे शौच, रक्तक्षय, न थांबणाऱ्या उलट्या, तसेच पन्नाशीच्या पुढे प्रथमच सुरू झालेली जळजळ. अशा वेळी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एण्डोस्कोपी, लांबणीवर टाकता येत नाही. ज्या भागात तंबाखूचे सेवन अधिक, त्या भागात घास अडकण्याच्या तक्रारीचा पहिला अर्थ अन्ननलिकेचा कर्करोग नाही ना, हाच घ्यावा लागतो. गोळीने जळजळ दबते व रोगी निर्धास्त होतो. आतील गाठ मात्र वाढत राहते.

गोळी आणि तिची वेळ

आम्लावरील औषधांचा इतिहास फार जुना नाही. पूर्वी खाण्याचा सोडा, खडूची भुकटी, मॅग्नेशियमचे दूध यांवरच भागवावे लागे. १९७६ मध्ये सिमेटिडिन हे औषध ब्रिटनच्या बाजारात आले. हिस्टामिन हे द्रव्य जठरातील पेशींना आम्ल सोडण्याचा हुकूम देते. तो हुकूमच पेशीपर्यंत पोचू नये अशी योजना जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने केली. १९८८ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. १९८१ मध्ये रॅनिटिडिन आले, आणि १९८८ मध्ये ओमेप्राझोल. ओमेप्राझोल हुकूम अडवीत बसत नाही. पेशीतून आम्ल बाहेर फेकणारा पंपच ते बंद करते. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० अन्वये औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, केवळ निर्मितीच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे ही औषधे भारतात लवकर व अल्प किमतीत तयार होऊ लागली. रॅनिटिडिनच्या काही नमुन्यांत कर्करोगास कारण ठरू शकणारे एक अशुद्ध द्रव्य आढळल्यामुळे अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढावयास लावले आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून २०२२ मध्ये ते वगळण्यात आले. त्याच वर्गातील फॅमोटिडिन हे औषध वापरात आहे.

पंप बंद करणाऱ्या गोळीची वेळ महत्त्वाची, आणि नेमकी तीच पाळली जात नाही. हे औषध रक्तात फार थोडा वेळ, सुमारे तास-दोन तास टिकते आणि जे पंप त्या वेळी चालू असतात त्यांनाच ते बंद करते. पंप चालू होतात ते अन्न आल्यावर. म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते, बहुधा सकाळच्या न्याहरीपूर्वी. जेवून झाल्यावर किंवा झोपताना घेतलेल्या गोळीचा बराचसा भाग वाया जातो. गोळीनंतर नुसता चहा पिऊन दुपारी दोनपर्यंत काहीच न खाणाऱ्यासही तिचा पुरता लाभ होत नाही. कॅप्सूल फोडून आतील दाणे चावू नयेत. त्यांच्यावरील आवरण जठरातील आम्लापासून औषधाचे रक्षण करण्यासाठी असते. पहिल्याच दिवशी गुण आला नाही म्हणून गोळी बदलण्याचेही कारण नाही. पुरता परिणाम दिसण्यास तीन-चार दिवस लागतात.

रात्रपाळीच्या कामगाराने घड्याळाकडे न पाहता आपल्या झोपेकडे पाहावे. झोपून उठल्यावर जे पहिले पोटभर जेवण, त्याच्या अर्धा तास आधी गोळी. रमजानच्या महिन्यात रोजे ठेवणाऱ्या रुग्णांना दिवसातून एकच गोळी असेल, तर डॉक्टर सामान्यतः सहरीपूर्वी अर्धा तास ती घेण्यास सांगतात. सहरी करून लगेच पुन्हा आडवे होऊ नये, हे त्याबरोबरचे पथ्य. एकादशी व नवरात्रातील उपासाचा प्रश्न निराळाच आहे. दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे, शेंगदाण्याची आमटी असा ‘दुप्पट खाशी’चा फराळ झाला, तर गोळीनेही काही साधत नाही.

औषधाचा एक क्रम साधारणतः चार ते आठ आठवड्यांचा असतो. तेवढ्यात बहुतेकांच्या अन्ननलिकेचा दाह भरून येतो. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा निम्मी करावी, पुढे एक दिवसाआड किंवा गरजेपुरती घ्यावी आणि शक्य तर थांबवावी. येथे एक अडचण उभी राहते. कित्येक आठवडे दाबून ठेवलेले आम्ल गोळी एकदम बंद करताच काही दिवस नेहमीपेक्षा अधिक पाझरते आणि जळजळ पूर्वीपेक्षाही जोराने परतते. रुग्णाला वाटते की आपले दुखणे जन्माचे झाले. तो पुन्हा गोळी सुरू करतो आणि अशा रीतीने आठ आठवड्यांची आठ वर्षे होतात. वस्तुतः ही उसळी बहुधा दोन-चार आठवड्यांत ओसरते. त्या काळात आम्लनाशक पातळ औषध किंवा फॅमोटिडिन यांवर वेळ मारून नेता येते.

दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची कमतरता, आतड्यांचे जंतुसंसर्ग, क्वचित मूत्रपिंडाचा दाह आणि वृद्धांत हाडे मोडण्याचे किंचित वाढलेले प्रमाण आढळून आले आहे. शाकाहारी मंडळींत ब-१२ आधीच कमी असते. त्यांनी वर्षाकाठी तपासणी करून घेणे इष्ट. परंतु या यादीला भिऊन ज्यांनी गोळी बंद करू नये असेही रुग्ण आहेत. दुर्बिणीत तीव्र दाह किंवा अन्ननलिकेच्या अस्तरात बदल दिसलेले, पूर्वी जठरात रक्तस्राव झालेले, हृदयासाठी ॲस्पिरिन व रक्त पातळ करणारी औषधे एकत्र घेणारे वृद्ध, यांच्यासाठी ती संरक्षण असते. हृदयरुग्ण क्लोपिडोग्रेल घेत असल्यास ओमेप्राझोलऐवजी पॅण्टोप्राझोल देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो, कारण ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा प्रभाव कमी होतो.

कंबरदुखीच्या गोळीबरोबर पित्ताची गोळी, तापाच्या गोळीबरोबरही पित्ताची गोळी, ही प्रथा आता इतकी रूढ झाली आहे की ती नसेल तर रुग्णच ‘औषध गरम पडेल’ म्हणून मागून घेतो. वृद्धाला वेदनाशामक दीर्घकाळ द्यावयाचे असेल तर ही जोड योग्यच. धडधाकट तरुणाला दोन दिवस पॅरासिटामॉल घ्यावयाचे असता तिचे काही प्रयोजन नाही. पित्ताच्या गोळीत डॉम्पेरिडोन हे दुसरे औषध मिसळलेल्या कॅप्सूलही सर्रास खपतात. डॉम्पेरिडोनमुळे काही व्यक्तींत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. ते महिनोन्‌महिने घेण्याचे औषध नव्हे.

आम्लनाशक पातळ औषधे तात्पुरत्या आरामासाठी ठीक. त्यांतील ॲल्युमिनियमने मलावरोध होतो, मॅग्नेशियमने पातळ शौच होते. लोहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीशी त्यांचे दोन-चार तासांचे अंतर असावे, अन्यथा ती गोळी शरीरात शोषली जात नाही. गरोदर स्त्रियांना जळजळ व लोहाची गोळी ही दोन्ही एकाच वेळी असतात, म्हणून आशा कार्यकर्त्यांनी हे अवश्य सांगावे. खाण्याचा सोडा आणि फसफसणारी पूड यांत सोडियम भरपूर असल्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी त्या वाटेस जाऊ नये. थंड दूध प्याल्याने क्षणभर शांत वाटते. पुढे दुधातील प्रथिने व कॅल्शियम यांमुळे आम्ल पुन्हा पाझरते.

ताट आणि बाज

गोळीने आम्लाची तीव्रता कमी होते. ढिले झालेले दार मात्र ढिलेच राहते. जठरातील रस गोळी चालू असतानाही वर चढत असतो, फक्त तो जाळीत नाही. म्हणून ज्या गोष्टींनी दारावरील भार हलका होतो, त्या औषधाइतक्याच आवश्यक ठरतात.

त्यांतील सर्वांत गुणकारी व सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे वाढलेले पोट उतरविणे. वजन थोडे जरी उतरले तरी अनेकांची जळजळ निम्म्यावर येते. दुसरी गोष्ट रात्रीच्या जेवणाची. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर असावे. रात्री आठला जेवून अकराला झोपणे शहरातील कुटुंबाला शक्य आहे. रात्री पाणी देण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याने मुख्य जेवण शेतावर जाण्यापूर्वी करावे आणि परतल्यावर भूक असेल तर अर्धी भाकरी व वाटीभर वरण एवढ्यावर निभवावे. लग्नसराईत व हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत रात्री अकराला पानावर बसणे टळत नाही. तेथे एक जिलेबी कमी आणि घरी येऊन शतपावली, एवढे तरी करता येते.

पथ्याच्या नावाखाली रुग्णाच्या ताटातून एकेक पदार्थ काढून घेण्याची मात्र घाई करू नये. ठेचा, येसर आमटी, शहरातील प्रसिद्ध नान खलिया हे पदार्थ या विकाराचे जनक नव्हेत. तिखटाने आम्ल वाढते याला भक्कम आधार नाही. आधीच दाह झालेल्या अन्ननलिकेला ते झोंबते, एवढे खरे. त्यामानाने तळण व तेलाची जाड तर्री अधिक दोषी, कारण स्निग्ध अन्न जठरात अधिक वेळ रेंगाळते आणि वलय सैल करते. नान खलिया खावा. तो रात्री बाराला खाऊन साडेबाराला झोपू नये. ज्वारीच्या भाकरीला दोष देणाऱ्यांनी ती सोडून मैद्याच्या खारी-बिस्किटांवर येणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. कोणाला कांदा बाधतो, कोणाला लिंबू, कोणाला हरभऱ्याची डाळ. ज्याला जे बाधते ते त्याने दोन आठवडे टाकून पाहावे, फरक पडला नाही तर पुन्हा खावे. चहा पूर्ण सोडणे जमत नसेल तर निदान रिकाम्या पोटी घेऊ नये.

तंबाखूविषयी मात्र तडजोड नाही. गुटख्याच्या निर्मिती व विक्रीवर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरीही मळलेली तंबाखू व दातांना लावावयाची मिश्री चालूच राहिली. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, असे सांगणाऱ्या स्त्रियांना जळजळीचे कारण त्या डबीतही असू शकते, हे ठाऊक नसते.

आता अंथरुणाविषयी. रात्रीच्या जळजळीवर उशाकडील बाजू उंच करणे हा बिनखर्चाचा व सिद्ध झालेला उपाय आहे. उशांवर उशा रचून तो साधत नाही. त्याने मान मोडते व शरीर कमरेत दुमडून पोटावर उलट दाब येतो. उंच व्हावयास पाहिजे ती संपूर्ण बाजेची किंवा पलंगाची उशाकडील बाजू, सुमारे पंधरा ते वीस सेंटिमीटर. डोक्याकडील दोन्ही पायांखाली प्रत्येकी दोन विटा आडव्या घातल्या की सुमारे तेवढी उंची मिळते. बाज घसरू नये म्हणून विटेऐवजी मधे खोलगट केलेले लाकडी ठोकळे अधिक बरे. गावचा सुतार ते एका दुपारी करून देतो. जमिनीवर निजणाऱ्यांनी गोधड्यांच्या घड्या करून कमरेपासून डोक्यापर्यंत उतार तयार करावा. कुशीचाही विचार करावा. डाव्या कुशीवर झोपल्यास जठरातील रस दाराच्या पातळीखाली राहतो, उजव्या कुशीवर तो दारावर येतो. पहिल्या दोन-तीन रात्री उतारावर झोप लागत नाही. पुढे सवय होते.

काही गोळ्या स्वतःच अन्ननलिका जाळतात. डॉक्सिसायक्लिन, पोटॅशियम, हाडांच्या विरळपणावरील गोळ्या घोटभर पाण्याने किंवा कोरड्याच गिळून लगेच आडवे झाल्यास त्या नलिकेतच अडकून व्रण करतात. पेलाभर पाणी आणि त्यानंतर अर्धा तास बसणे किंवा उभे राहणे एवढाच त्यावर उपाय.

रुग्णालयात जाण्यापूर्वी

आठ आठवडे गोळी योग्य वेळी घेऊन, ताट व बाज यांत बदल करूनही त्रास राहिला, तर पुढील तपासणीची वेळ आली असे समजावे. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते व मराठवाड्याबरोबरच बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रुग्णही तेथे येतात. दुर्बिणीची तपासणी काही मिनिटांची असते व तीस रुग्ण समजतात तितकी भयंकर नाही. तीपूर्वी सहा ते आठ तास पोट रिकामे ठेवावे लागते. ‘हेलिकोबॅक्टर’ या जंतूची तपासणी करावयाची असल्यास दोन आठवडे आधी गोळी थांबविण्यास सांगितले जाते. हा जंतू जठराच्या व्रणास कारणीभूत असतो, हे दाखवून दिल्याबद्दल वॉरन व मार्शल या ऑस्ट्रेलियन संशोधकांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. व्रण आणि आम्ल उलट चढणे हे दोन स्वतंत्र विकार असून त्यांचे उपचारही वेगळे आहेत. थोड्या निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेने वलय आवळून घ्यावे लागते. रुडॉल्फ निस्सेन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेली ही शस्त्रक्रिया आता दुर्बिणीद्वारे होते.

बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरांना प्रत्येकासाठी फार वेळ मिळत नाही. म्हणून जाताना जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि एका कागदावर आठवड्याची नोंद न्यावी. जेवण किती वाजता झाले, झोप किती वाजता घेतली, जळजळ केव्हा झाली, गोळी केव्हा घेतली आणि तंबाखू किती वेळा, असे पाच रकाने पुरतात. लिहिता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ही नोंद घरातील पाचवी-सहावीतील मूल ठेवू शकते.